तुम्ही विचारलंत म्हणून: जाळीवाचून हर्निया

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर डोकावणे; शस्त्रक्रियेत त्या जागेवर सहसा कृत्रिम जाळी बसवतात. वाशीच्या माझ्या दवाखान्यात जांघेतल्या हर्नियाचा रुग्ण तपासणीच्या टेबलावरून उतरला की नाडी बांधता बांधता हमखास विचारतो, "डॉक्टर, जाळी न घालता नाही का होत?" परवा हे विचारले कांदा-बटाटा बाजारात गोणी वाहणाऱ्या एका माथाडी कामगाराने, जाळी बसवल्यानंतर त्याच्या थोरल्या भावाची जांघ कित्येक महिने दुखत राहिली होती.

होते. इटलीचे बस्सिनी यांनी १८८०च्या दशकात स्नायूंची कमान खाली ओढून जांघेच्या बंधाला शिवण्याची रीत रूढ केली. मात्र लांबच्या दोन कडा बळेच जवळ आणल्यामुळे टाक्यांवर सतत ताण येई आणि हर्निया पुन्हा उद्भवे. कॅनडातील शोल्डाइस पद्धतीत मागची भिंत उघडून, एकावर एक दुमडून चार ओळींत शिवतात, म्हणून तो ताण वाटला जातो. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी एरवी जाळीचीच शिफारस केली असली, तरी जाळीविना करायचे झाल्यास शोल्डाइसलाच पहिले स्थान दिले आहे.

माझ्या हाताला बसली ती पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांची पद्धत. चरबी बाजूला सारली की तिरप्या धाग्यांचा चकचकीत पांढरा पापुद्रा दिसतो. त्याची वरची बाजू आधी खालच्या बंधाला शिवायची, मग तिच्यातच धाग्यांच्या दिशेने चीर देऊन जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी मोकळी करायची आणि पट्टीची वरची कड आतल्या स्नायूला टाचायची. पट्टीची टोके मात्र दोन्हीकडे जोडलेलीच ठेवायची, कारण खोकताना किंवा ओझे उचलताना स्नायू आकसला की पट्टीही ताणली जाते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी भिंत घट्ट होते. मला या कल्पनेचे आजही मनापासून कौतुक वाटते. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर केलेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तीन वर्षांनंतर हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण जाळी आणि ही पद्धत दोन्हींत १.९ टक्के निघाले.

तरीही मी आधी वचन देत नाही. पापुद्रा विरळ किंवा फाटलेला निघाला, तर त्याची पट्टी टिकणार नाही. शिवाय दुखण्याचा सारा दोष जाळीच्या माथी मारता येत नाही. मज्जातंतू टाक्यात अडकला, तर जाळीविनाही जांघ दुखतेच. हे सगळे त्या कामगाराला कागदावर चित्र काढून समजावले आणि दोन्ही पद्धतींसाठी संमती घेतली. त्याचा पापुद्रा जाड निघाला. जाळीचे पाकीट उघडावे लागले नाही.