रिकाम्या दिसणाऱ्या व्हायलमागची आमची वाटचाल

पहिल्यांदा माल घेणाऱ्या प्रयोगशाळेतून हमखास फोन येतो, "मॅडम, व्हायल रिकामी आली आहे." व्हायल, म्हणजे काचेची इवलीशी बाटली, भरलेलीच असते. १० मायक्रोग्रॅम प्रथिन फ्रीझ-ड्राय केलं, म्हणजे गोठवून सुकवलं, की काचेवर नजरेला न जाणवणारा पातळ थर उरतो, प्रवासात त्यातलं थोडं झाकणालाही चिकटतं. म्हणून उघडण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवून घ्या, असं आम्ही लेबलवरच छापतो. डोळ्यांना न दिसणारी वस्तू आम्ही विकतो आणि घेणारे तिच्या भरवशावर पीएचडीची वर्षं लावतात. ही जबाबदारी मी कामाच्या पहिल्या दिवसापासून जाणते, आणि आमचे बहुतेक निर्णय तिच्यातूनच झाले आहेत.

आम्ही बनवतो ते मानवी इंटरल्युकिन-२. टी पेशींना, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींपैकी एका प्रकाराला, वाढण्याचा निरोप देणारं हे प्रथिन टी पेशीच तयार करतात. १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत या घटकाच्या आधाराने माणसाच्या टी पेशी शरीराबाहेर दीर्घकाळ वाढवता आल्या. १९८३ साली जपानमध्ये तादात्सुगु तानिगुची यांच्या गटाने त्याचं जनुक वेगळं केलं, आणि मग हे मानवी प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेण्याची वाट खुली झाली. १३३ अमिनो आम्लांची साखळी, रेणूचं वजन साधारण साडेपंधरा किलोडाल्टन. टी पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला याच्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

पुण्यात नोकरी करत असताना परदेशी व्हायलची वाट पाहणारे विद्यार्थी मी जवळून पाहिले. ऑर्डर द्यायची, आठवडे मोजायचे, आणि शेवटी पार्सल हातात येतं तेव्हा आतले जेल पॅक पाणी झालेले. हे प्रथिन इथेच का बनू नये, हा प्रश्न तिथेच मनात बसला.

सोलापूरच का, असं पुण्यातले लोक अजून विचारतात. घर इथलं, हे एक कारण. अप्पांचे पूर्व भागात चादरीचे यंत्रमाग होते, ते बंद झाले तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला गाळा मोकळा पडला होता. पण भावनेवर धंदा चालत नाही, हिशोबही तसाच बसत होता. पुणे-हैदराबाद महामार्ग गावातून जातो. एका बाजूला पुण्यातल्या संशोधन संस्था, दुसऱ्या बाजूला हैदराबादची जिनोम व्हॅली, म्हणजे जैवतंत्रज्ञान कंपन्यांचा पट्टा, आणि रात्री निघालेलं पार्सल दोन्हीकडे सकाळी पोचू शकतं. शिवाय औषधांचा कच्चा माल आणि रसायनं बनवणारे कारखाने सोलापुरात आधीपासून आहेत, त्यामुळे चिलर दुरुस्त करणारा, स्टीलचं वेल्डिंग नीट करणारा माणूस हाकेच्या अंतरावर मिळतो. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झालेली इथली मुलं-मुली नोकरीसाठी गाव सोडतात. त्यातल्या काही आज आमच्याकडे आहेत आणि बॅचवर सही त्यांचीच असते.

बायोसेफ्टी समितीची मंजुरी, जीएसटी, बँकेचं कर्ज, ही कामं सगळ्यांनाच करावी लागतात, त्यांचं वेगळं सांगण्यासारखं काही नाही. एवढं मात्र खरं, की २०२० नंतर 'सायटोकाइन' (पेशींना निरोप देणारी प्रथिनं, आमचं इंटरल्युकिन-२ त्यातलंच) हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी गेला होता, म्हणून बँकेत समजावणं सोपं गेलं.

खरी कसोटी होती ती प्रथिनाच्या घडीची. ई. कोलाय जिवाणू इंटरल्युकिन-२ भरपूर बनवतो, पण ते पेशीत गोळे होऊन साचतं. ते गोळे धुऊन ग्वानिडीनच्या तीव्र द्रावणात विरघळवायचे, साखळी पूर्ण उलगडू द्यायची आणि मग हळूहळू पातळ करत तिला स्वतःची घडी घालू द्यायची. ५८ आणि १०५ या जागांवरच्या सिस्टीन या अमिनो आम्लांमध्ये बंध जुळला पाहिजे. १२५ व्या जागी आणखी एक मोकळं सिस्टीन असतं, ते नको तिथे जोडलं जातं, म्हणून त्या जागी सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल घालतात. हा उपाय जुना आणि सर्वमान्य आहे. आमचंही प्रथिन त्याच प्रकारचं आहे आणि ते माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. एवढं करूनही घाई केली की साखळ्या एकमेकींत अडकतात. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, गुंतलेलं सूत ओढलं की गाठ पक्की होते. रीफोल्डिंगला, म्हणजे साखळीला पुन्हा घडी घालू देण्याला, आम्ही म्हणूनच पूर्ण वेळ देतो, ऑर्डर कितीही तातडीची असो.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. बाजारात शुद्धतेचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, ९५ टक्के, ९८ टक्के. पण शुद्धता तपासायच्या साध्या रिड्यूसिंग जेलवर, जिथे प्रथिनाची घडी आधीच उलगडलेली असते, नीट घडी पडलेलं आणि बिघडलेलं प्रथिन एकाच जागी पट्टी देतं. शुद्ध असूनही ते निर्जीव असू शकतं. संशोधकाने विचारायचा पहिला आकडा ॲक्टिव्हिटीचा, म्हणजे प्रथिन प्रत्यक्षात किती काम करतं याचा.

तो आकडा मिळतो सीटीएलएल-२ या उंदराच्या टी पेशींकडून. या पेशी इंटरल्युकिन-२ शिवाय जगत नाहीत, एक-दोन दिवसांत मरायला लागतात. मानवी प्रथिनही त्यांना चालतं. प्लेटच्या खाचांमध्ये पेशी घालायच्या, प्रथिन पायरीपायरीने पातळ करत द्यायचं आणि किती पेशी वाढल्या ते रंगावरून मोजायचं. निम्मी वाढ ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरला मिळाली, तर हिशोबाने एका मिलिग्रॅममध्ये १ कोटी युनिट ॲक्टिव्हिटी आली. शेजारी जागतिक आरोग्य संघटनेचा प्रमाण-नमुना चालवायचा, तो इंग्लंडमधल्या एनआयबीएससी या संस्थेकडून मिळतो. त्या नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय आमचा एकही लॉट बाहेर पडत नाही.

या पेशींना सुट्टी कळत नाही. दर दोन-तीन दिवसांनी ताजं माध्यम आणि ताजं इंटरल्युकिन द्यावंच लागतं, मग दिवाळी असो की सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा. पेशींचा राखीव साठा द्रव नायट्रोजनमध्ये असतो. जिल्ह्यात जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचे कंटेनर गावोगाव फिरतात, आमची टाकीही तोच पुरवठादार भरतो.

एंडोटॉक्सिनचं दुखणं वेगळं. ई. कोलायच्याच आवरणाचा हा अंश प्रथिनाबरोबर येतो आणि नॅनोग्रॅममध्येसुद्धा रक्तातल्या मोनोसाइट या रोगप्रतिकारक पेशींना चिथावतो. त्या टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ ही निरोप देणारी दुसरी प्रथिनं सोडू लागतात, आणि संशोधकाला वाटतं हा परिणाम आपल्या प्रथिनाचा. ऑटोक्लेव्हच्या दाबाखालच्या वाफेने ते जात नाही, काचसामान २५० अंशांवर भाजावं लागतं. त्यात सोलापूरचं पाणी जड, नळाला रोज येत नाही, टँकर घ्यावा लागतो. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेवर आम्ही इतर कशाहीपेक्षा जास्त पैसे घातले आणि मला त्याचं समाधान आहे. मर्यादा मायक्रोग्रॅम प्रथिनाला ०.१ एंडोटॉक्सिन युनिटची ठेवली आहे. हॉर्सशू खेकड्याच्या रक्तातल्या घटकावर चालणारी एलएएल चाचणी प्रत्येक लॉटवर होते आणि आलेला आकडा जसाच्या तसा छापला जातो.

विजेची बाजू अप्पांची. मागावर आयुष्य गेल्यामुळे लाइट गेल्यावर काय काय बिघडतं हे त्यांना पाठ आहे. उणे ८० च्या फ्रीझरला वेगळी लाइन, वेगळा इन्व्हर्टर आणि मागे जनरेटर, ही मांडणी त्यांनीच करून घेतली. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा पार्सल दुपारी बाहेर काढायचं नाही, हा नियमही त्यांचाच.

एका कॉलेजातून तक्रार आली होती, माल काम करत नाही. आमच्याकडच्या त्याच लॉटची ॲक्टिव्हिटी पुन्हा तपासली, ती ठीक होती. मग तिथल्या मुलीशी निवांत बोलले. तिने प्रथिन नुसत्या बफरमध्ये फार पातळ करून ठेवलं होतं, आणि तेही बर्फ आपोआप वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजमध्ये. इतकं पातळ प्रथिन ट्यूबच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतं, आणि गोठणं-वितळणं वारंवार झालं की उरलेलंही जातं. ०.१ टक्का अल्ब्युमिन हे सांभाळून धरणारं प्रथिन घालून छोटे छोटे भाग करून ठेवायला सांगितलं, तिचे प्रयोग सुरळीत झाले. तेव्हापासून वापराची सूचना आम्ही मराठीतही देतो. गावोगावच्या कॉलेजांतली मुलं ती वाचून फोन करतात, नेमके प्रश्न विचारतात, मला फार बरं वाटतं.

दुसरे फोन जड जातात. घरात कॅन्सरचा रुग्ण असतो, कोणीतरी वाचलेलं असतं की इंटरल्युकिन-२ वर औषध आहे. ते खरंही आहे, अमेरिकेत मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी १९९२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण ते औषध निर्जंतुक कारखान्यात, वेगळ्या कायद्याखाली बनतं आणि रुग्णालयात कडक देखरेखीखालीच देतात. आमच्या लेबलवर "केवळ संशोधनासाठी" लिहिलेलं आहे. दादा, हे शरीरात घालायचं नाही, आपल्या डॉक्टरांना विचारा, असं प्रत्येकाला शांतपणे सांगायचं आम्ही ठरवलं आहे. संस्थेचं पत्र नसलेल्या माणसाला व्हायल विकत नाही, कितीही पैसे देऊ केले तरी.

आता काम चालू आहे ते इंटरल्युकिन-१५ वर. टी पेशींचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा दोन्ही शेजारी लावून पाहतात, कारण इंटरल्युकिन-१५ हे स्मृती-टी पेशी, म्हणजे आधीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या टी पेशी, टिकवायला मदत करतं. १९९४ साली त्याचा शोध लागला तोही सीटीएलएल-२ पेशींच्या वाढीवरूनच, त्यामुळे मोजायची सोय आमच्याकडे आधीपासून आहे. पहिली बॅच रीफोल्डिंगला लावली आहे. जेलवर पट्टी छान आली, मागणीही दोन ठिकाणांहून आली, पण ॲक्टिव्हिटीचा आकडा हातात आल्याशिवाय ते आमच्या यादीत येणार नाही.