आमची वाटचाल : जंपर बदलले, अलाइनमेंट राहिली

कराडहून चिपळूणला जाताना पाटण मागे पडलं की पुढे कुंभार्ली घाट लागतो. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी आमचं गॅरेज जगवलं, हे सांगताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

सुरुवात पत्र्याच्या शेडमध्ये झाली. एक जॅक, 2 घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) आणि वस्तादांनी दिलेले पाने. लोअर आर्म, बॉल जॉइंट, लिंक रॉड, जंपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) ही सस्पेन्शनची कामं हातात बसलेली. अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं, मशीन नव्हतं. चाकांच्या कडेने दोरी ताणून टो, म्हणजे चाकं पुढून किती आत-बाहेर वळली आहेत ते, बघायचा, एवढंच.

घाटातून रोज ये-जा करणाऱ्या एका सरांच्या वॅगनआरला पुढचे दोन्ही जंपर आणि टायरॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारं आट्यांचं टोक) टाकले. जुना एंड काढताना आटे मोजले, नवा तेवढाच फिरवला आणि निर्धास्त झालो. "अलाइनमेंट करून घ्या, सर," म्हणालो. ती राहून गेली. 4 महिन्यांनी सर आले, टायर नवेच होते. टायरवर आडवा हात फिरवला, एका दिशेने गुळगुळीत. उलटा फिरवला तर करवतीचे दात लागावेत तसं बोटांना टोचलं. टो बिघडला की टायर असाच खातो. सर चिडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं, पण न केल्यास काय होतं ते नाही सांगितलंत."

रात्रभर ते डोक्यात राहिलं. नवा एंड जुन्याइतकाच लांब असतो असं नाही, मग आटे मोजून काय उपयोग? आणि जंपरचे खालचे बोल्ट सैल केले की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, हलतो, त्याच्याबरोबर टोही. चूक माझीच होती. सरांना एका टायरचे पैसे दिले.

पुढच्या वर्षी सौ.ने पाटल्या काढून दिल्या, उरलेलं कर्ज काढलं आणि कॅमेऱ्याचं मशीन आलं. तेव्हापासून सस्पेन्शनचं काम आणि अलाइनमेंट एकाच बिलात. घाई असलेली काही गिऱ्हाइकं यापायी दुसरीकडे जातात, जाऊ देतो.

पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो ते वस्तादांचं वाक्य: बुशचा (आर्मच्या सांध्यातल्या रबराचा) बोल्ट हवेत आवळायचा नाही. गाडी जॅकवर असताना आर्म खाली लोंबतो. तसाच बोल्ट आवळला की गाडी टेकल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकांवर वजन येऊ द्यायचं, मग शेवटचा आवळ. त्यानंतर हवा तपासायची आणि मगच गाडी मशीनवर घ्यायची.

बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढे फक्त टो जुळवता येतो. मशीनच्या पडद्यावर कॅम्बर लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, दिसला तर टो हिरवा करून गाडी सोडणं सोपं असतं. आम्ही चाक उतरवतो. बहुतेक वेळा खड्ड्यात आपटून वाकलेला जंपर किंवा आर्म सापडतो.

सर अजून येतात. किल्ली घेण्याआधी वाकून टायरवर हात फिरवतात, दोन्ही दिशांनी.