सेल मारला की नुसतं ‘कट्’: रायडिंग मोवर, पुढचा हप्ता

ओहायोतल्या मे महिन्यात गवताला आवरणं म्हणजे रोजचीच मारामारी, आणि नेमका तेव्हाच आमचा रायडिंग मोवर (वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) रुसतो. मनात आलं तर पहिल्या सेलला चालू, नाहीतर सीटखालून एक ‘कट्’ आणि पुढे शांतता. ‘बॅटरी बदल’ हा सल्ला शेजाऱ्यापासून भावोजींपर्यंत सगळ्यांनी दिला.

बॅटरीचा संशय मीटरने आधीच फिटला होता. उभ्या गाडीवर 12.6 व्होल्ट. इंजिन नीट फिरतं तेव्हा 10.4 पर्यंत उतरते, हेही ठीक. खरी गंमत नुसतं ‘कट्’ होतं तेव्हा दिसते: व्होल्टेज जवळपास हलतच नाही. स्टार्टरने करंट ओढला असता तर ते पडलंच असतं. म्हणजे करंट स्टार्टरपर्यंत जातच नाहीये.

मग सोलेनॉइड, म्हणजे किल्लीकडून बारीक करंट आला की बॅटरीचा जाड करंट स्टार्टरला जोडणारा स्विच. पार्किंग ब्रेक लावला, गिअर न्यूट्रलला, पातं बंद, आणि बॅटरीच्या प्लसवरून एक वायर थेट सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला टेकवली. इंजिन फिरलं. पुन्हा टेकवली, पुन्हा फिरलं. (असं करताना सगळे सेफ्टी स्विच, म्हणजे ब्रेक किंवा पातं नीट नसेल तर सेल बसू न देणारे, बाजूला पडतात, म्हणून स्पार्क प्लगची टोपी काढूनच करा.) सोलेनॉइड, स्टार्टर, जाड केबल निर्दोष सुटले. दोष किल्लीकडून येणाऱ्या बारीक वायरीत.

इथे मीटर फसवतो. ती बारीक वायर सोलेनॉइडवरून काढून मोजली तर 12.5 व्होल्ट, अगदी ठणठणीत. वायर परत लावून, किल्ली धरून मोजलं तर 7.8! मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे काजळी धरलेल्या काँटॅक्टमधूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. सोलेनॉइडची कॉइल मात्र चार ओहमची, तिला तीन अँपिअर हवेत. वाटेत अडीच ओहमचा अडथळा आला तरी साडेचार-पाच व्होल्ट तिथेच जिरतात. उरलेल्यात प्लंजर (सोलेनॉइडमधला सरकणारा दांडा) हलतो, ‘कट्’ म्हणतो, पण आतले जाड काँटॅक्ट धड चिकटत नाहीत. म्हणून माझं मत: बंद-चालू होणारा फॉल्ट शोधताना लोड, म्हणजे करंट ओढणारं काहीतरी, लावूनच मोजावं. मी सोलेनॉइडच्या जागी गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब लावला आणि किल्ली कुणाला तरी धरायला सांगितली. बायकोने धरली, ‘अजून किती वेळ?’ विचारत.

मग वाटेतल्या एकेका स्विचच्या पुढे व्होल्टेज मोजत गेलो. किल्लीनंतर 12.2. पात्याच्या स्विचनंतर 12. ब्रेक पेडलच्या स्विचनंतर 8.9, आणि पेडल जरा जोरात दाबलं की एकदम 11.6. सापडला! (सीटचा स्विच माझ्या वायरिंगमध्ये सेलच्या वाटेत नाही; तुमच्याकडे वेगळं असू शकतं, आधी डायग्राम बघा.)

स्विच काढला तर काँटॅक्टची एक पाती तपकिरी-काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक किंचित वितळलेलं, आणि वायरीकडचं टर्मिनल इतकं सैल की बोटाने निघून आलं. पॉलिश पेपर मारून चालवता आलं असतं, पण उष्णतेने एकदा नरम पडलेलं टर्मिनल पुन्हा घट्ट धरत नाही. नवा स्विच मागवला, नवं टर्मिनल पक्कडीने दाबून बसवलं, वर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल दूर ठेवणारं). आता त्याच जागी बल्बवर 11.9 मिळतात.

बरेच जण हा स्विच सरळ शॉर्ट करून टाकतात. मी नाही करणार. गिअरमध्ये असताना सेल बसला तर गाडी थेट अंगावर येते. मध्ये रिले (बारीक करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) टाकायची युक्ती त्यापेक्षा बरी, सेफ्टी तशीच राहते आणि स्विचवरचा भारही कमी होतो. पण आधी मूळ दुखणं काढा, मग रिले.

एक तक्रार शिल्लक आहे: गरम इंजिन बंद करून लगेच सेल मारला तर ते अर्धा फेरा फिरून अडतं, मग सुटतं. हे वायरिंगचं वाटत नाही. टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) वाढला की कॉम्प्रेशन रिलीज (सेल मारताना सिलिंडरमधला दाब थोडा सोडणारी सोय) नीट काम करत नाही आणि असंच होतं. फट मोजायचा फीलर गेज काढून ठेवलाय, शनिवारी पाऊस नसला तर व्हॉल्व्ह कव्हर उघडतो. कुणी या सिंगल सिलिंडरचे टॅपेट सेट केले असतील तर कव्हरचं गॅस्केट जुनंच चाललं की बदलावं लागलं, तेवढं सांगा.