खिडकी कशाकडे उघडते?

मुंबईत राहणारे वेगळे आणि उतरणारे वेगळे. ‘कुठे राहता?’ हा प्रश्न पहिल्यांना, ‘कुठे उतरलात?’ हा दुसऱ्यांना. एके काळी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार असायचं: गिरगावात मावशीकडे, नाहीतर लालबागला काकांकडे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ जण झोपलेले असले तरी नवव्याची वळकटी गॅलरीत पडायची. आता काका डोंबिवलीला गेले, मावशीच्या फ्लॅटमधल्या दुसऱ्या खोलीत सून लॅपटॉप उघडून मीटिंगला बसते, आणि पाहुण्यालाच संकोच वाटतो. मग उरतं लॉज. त्यात कमीपणा काही नाही. लोकमान्य टिळक मुंबईत आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृह या लॉजमध्ये उतरत आणि १ ऑगस्ट १९२० ला त्यांनी देह ठेवला तोही तिथेच.

‘स्वस्तात मिळेल का खोली?’ असं विचारणाऱ्याला मोबाइलवरचा आकडा दिसत असतो, घड्याळ दिसत नाही. रात्रीच्या गाड्या आठवा. कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरकडची विदर्भ, मराठवाड्यातून येणारी देवगिरी, कोकणकन्या. सगळ्या माणसाला पहाटे नाहीतर सकाळी आणून टाकतात, आणि हॉटेलचा दिवस उजाडतो दुपारी बाराला. मधले पाच-सहा तास एक तर रिसेप्शनच्या सोफ्यावर पारोसं बसून काढायचे, नाहीतर ‘अर्ली चेक-इन’ म्हणून अर्ध्या दिवसाचं भाडं जास्त मोजायचं. म्हणून जुन्या लॉजच्या पाटीवर ‘२४ तास चेक-इन’ दिसलं तर दोनशे रुपये जास्त असले तरी आधी तिथे चौकशी करावी. सकाळी सातला चावी घेतली की दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली आपली. मात्र परतीची गाडी त्या दिवशी रात्री नऊची असेल, तर सातला बाहेर पडून चौदा तास बॅग कुठे ठेवायची हेही तेव्हाच विचारून घ्यावं. बरेच लॉजवाले काउंटरमागे ठेवून घेतात. नाही म्हणाले तर मोठ्या स्टेशनवरची क्लोकरूम आहे. तिथे गाडीचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. साध्या कुलपावाचून आख्खा दिवस ओझं वाहणारी माणसं सीएसएमटीला रोज दिसतात.

सकाळी येऊन रात्री परतायचं असेल तर खरं म्हणजे खोली नकोच असते, न्हाणीघर हवं असतं. त्यासाठी रेल्वेची रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी. आयआरसीटीसीवर आपला पीएनआर टाकून ती घेता येते. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी हवं आणि जिथून चढणार किंवा जिथे उतरणार तेच स्टेशन हवं. काही तासांपुरतीही मिळते. अडचण एकच, ती लवकर भरते. गाडीचं तिकीट निघालं की त्याच बैठकीत खोलीही बघायची, ‘निघायच्या आदल्या दिवशी बघू’ म्हणणाऱ्याला काही उरत नाही. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं. ४८ पॉड, त्यातले काही फक्त बायकांसाठी, आणि सुरुवातीचा दर बारा तासांना ९९९ रुपये. पॉड म्हणजे दिवा, एसी आणि चार्जिंगची सोय असलेला कप्पा. आत बसता येतं, उभं राहता येत नाही. एकट्याला झकास, पण आईला गुडघेदुखी आहे आणि सोबत लोणच्याची बरणी आहे, अशा प्रवासाला कामाचं नाही.

घड्याळानंतर अंतर. कुलाब्यात महाग, वसईला स्वस्त हे कुणीही सांगेल. पण काम फोर्टात असेल तर वाचलेले पैसे टॅक्सीवाला घेऊन जातो. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आणि रिक्षाचं २६, शिवाय रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेला येतच नाही. लोकलचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं खरं, पण सकाळी आठ ते अकरा चर्चगेट-सीएसएमटीच्या दिशेने बॅग घेऊन चढणं म्हणजे बॅगेचा आणि आपला प्रवास वेगवेगळा होण्याची तयारी ठेवणं.

या गणितात अलीकडे मोठा फरक पडला तो भुयारी मेट्रोने. आरे ते कफ परेड ही ‘मेट्रो-३’ मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली: साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, जास्तीत जास्त तिकीट ७० रुपये. त्यामुळे अंधेरी पूर्वेला मरोळ नाक्याला किंवा सीप्झच्या बाजूला मुक्काम ठेवून मंत्रालयात काम करणं आता वेडेपणाचं राहिलं नाही. त्यातही एक मेख आहे. अंधेरी पूर्व, बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, हा कंपन्यांच्या माणसांचा भाग. तिथल्या खोल्या सोमवार ते गुरुवार चढ्या असतात, शनिवार-रविवारी उतरतात. कुलाबा आणि जुहूला नेमकं उलटं. मेट्रोची शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते, तेव्हा नाटकाचा रात्रीचा प्रयोग बघणाऱ्याने परतीचा विचार आधी करून ठेवावा.

मराठी माणसाची पहिली पसंती मात्र दादर. मध्य आणि पश्चिम, दोन्ही लोकल एकाच पुलावरून; पूर्वेला स्टेशनबाहेर पडलं की लॉज; जेवणाची आबाळ नाही. म्हणूनच दादरचा लॉजवाला घासाघीस फारशी ऐकून घेत नाही. आणि ६ डिसेंबरच्या आसपास, चैत्यभूमीवर लाखो लोक येतात त्या दिवसांत, दादरला आयत्या वेळी खोली शोधूच नये.

फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात. कर धरून किती? सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. अठराशेच्या खोलीवर म्हणजे २१६ ऐवजी ९०. जुन्या छापील दरपत्रकावर १२ टक्के दिसले तर तिथेच बोट ठेवावं. दुसरं, तिसऱ्या माणसाच्या गादीचे किती? ही गादी तीन बोटं जाड असते आणि तिचं भाडं कधीकधी पलंगाशी स्पर्धा करतं. तिसरं, कोणतं ओळखपत्र? पॅन कार्डावर पत्ता नसतो, ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आधारवर मुंबईचाच पत्ता असेल तर काही लॉज सरळ नाही म्हणतात. ऑनलाइन आरक्षण असलं तरी आदल्या संध्याकाळी एक फोन करावाच. ‘पैसे हॉटेलवर द्या’ या प्रकारच्या बुकिंगला ‘आमच्याकडे आलंच नाही’ हे उत्तर रात्री अकरा वाजता ऐकायला मिळतं, कारण तोवर ती खोली रोख पैसेवाल्याला गेलेली असते.

आणि मग प्रत्यक्ष खोली. पैसे देण्याआधी बघायला मागावी. न दाखवणारा लॉजवाला आपलं निम्मं काम करून देतो. फोटोतला पलंग मोठा दिसतो, कारण फोटो दारात नव्हे तर दाराबाहेर उभं राहून काढलेला असतो. आत गेल्यावर आधी उशीकडची गादी उचलायची. शिवणीत मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर ते ढेकणांचे, चादर कितीही पांढरी असो. मग मोरीतला नळ पूर्ण सोडायचा आणि तो सुरू असतानाच फ्लश ओढायचा. पाण्याचा जोर किती ते दोन्ही एकदम चालवल्याशिवाय कळत नाही. गरम पाणी किती ते किती, हे पोऱ्याला विचारायचं. मॅनेजर ‘चोवीस तास’ म्हणतो, पोऱ्या ‘सहा ते नऊ’. दाराची कडी आतून लावून बघायची. भिंतीवर टकटक करायची. ‘ठक’ आलं तर वीट, ‘ढब’ आलं तर प्लायवूड, म्हणजे शेजारच्याचं घोरणं भाड्यात धरलेलं आहे.

शेवटी खिडकी. ‘खिडकी आहे का?’ असं विचारलं तर कुणीच नाही म्हणत नाही. ‘कशाकडे उघडते?’ असं विचारावं. बऱ्याच जुन्या इमारतींत पडदा सारला की हातभर अंतरावर दुसरी भिंत, मधे सांडपाण्याचे पाइप आणि खाली कबुतरांचा संसार. अशा खोलीत सकाळी सात आणि रात्रीचे सात सारखेच. फक्त झोपायला यायचं असेल तर घ्यावी, स्वस्त असते आणि शांतही. रस्त्याकडची घेतलीत तर हवा मिळेल, पण पहिल्या लोकलपासून रस्त्याचा आवाजही मिळेल.

परळच्या टाटा रुग्णालयात महिनोन्‌महिने उपचार असतील त्यांनी मात्र लॉजच्या नादी लागू नये. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था रुग्ण आणि नातेवाइकांसाठीच आहेत. जाताना रुग्णालयाचे कागद बरोबर ठेवावेत. सहसा रांग असते, म्हणून पहिल्याच दिवशी नाव घालावं.

खोली पसंत पडली की मॅनेजर जाडजूड रजिस्टर पुढे सरकवतो. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, सोबत किती. वरचं पान सहज वाचता येतं. कुणी सोलापूरहून, कुणी चिपळूणहून, कुणी यवतमाळहून. ‘येण्याचे कारण’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, पुढे नुसत्या दोन रेघा मारून उतरवलेला: खासगी.