एकोणपन्नास मीटर

“सोबत कोण आहे?”

कंबोडियातली देवळं बघायला जायचं ठरवलं आणि फोटो काढायला गेले तेव्हा स्टुडिओवाल्यानं विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, आमच्या पतसंस्थेतल्या शिपायानंही विचारलं. कुठे चाललात, कशाला चाललात, हे नंतर. “कोणी नाही, एकटीच,” म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं, यांच्या घरात काहीतरी बिनसलंय आणि बाई सांगत नाहीत.

बिनसलेलं काही नाही. नवऱ्याची आणि माझी बघायची चाल वेगळी आहे, एवढंच. चार वर्षांपूर्वी टेम्पो ट्रॅव्हलर करून आम्ही चौदा जण वेरूळला गेलो होतो. कैलास लेण्यात दक्षिणेच्या अंगाला खाली रावण आहे. तो सगळा पर्वत गदागदा हलवतोय, वर पार्वती शंकराला बिलगलीय आणि तिची दासी पाठ फिरवून पळत सुटलीय. मी त्या दासीकडे बघत उभी होते. भीती पाठीवर कशी कोरतात, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. तेवढ्यात हाक आली, “झालं का बघून? घृष्णेश्वर राहिलाय, मग जेवण.” नवरा कोणतंही शिल्प अकरा सेकंदांत बघतो. मी मोजलेलं आहे. त्यात कमी लेखण्यासारखं काही नाही, भाजीही तो तशीच पटकन आणि चांगली आणतो.

दासी मात्र डोक्यातून जाईना. मग एका रात्री मोबाइलवर कंबोडियातल्या बान्ते स्रेईचा फोटो दिसला. इ. स. ९६७ सालचं, गुलाबी दगडाचं, लहानसं शिवालय. तिथे दारावरच्या त्रिकोणी पट्टीत तोच रावण, तोच कैलास, उमा तशीच बिलगलेली. पर्वत तेवढा पायऱ्यापायऱ्यांचा, त्यांच्या देवळांसारखा, आणि खाली पळणारी जनावरं. वेरूळनंतर दोनेकशे वर्षांनी समुद्रापलीकडच्या पाथरवटानं ही गोष्ट ऐकली आणि आपल्या हातानं पुन्हा सांगितली. ‘ते सगळं मुळात आपलंच’ अशा मजकुराचे फॉरवर्ड मलाही येतात. ते वाचून मला त्या पाथरवटाचीच कीव येते. एवढं काम करून श्रेय शेजाऱ्याला! शब्दांचं नातं मात्र खरं आहे. स्रेई म्हणजे स्त्री, अंगकोर म्हणजे नगर, प्रासात म्हणजे प्रासाद.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. रोज लोकांची रोकड मोजणारी मी, स्वतःच्या खर्चाचं पान उघडायला सत्तेचाळिसावं वर्ष उजाडलं.

अंगकोर म्हणजे कंबोडियातला जुन्या देवळांचा परिसर. त्याच्या तिकिटाचे तीन भाव आहेत. एका दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२. वर दहा टाकले की चार दिवस वाढतात. हा मोह मी मंडईत ओळखते. मेथीची जुडी पंधराला, दोन घेतल्या तर पंचवीस, आणि दुसरी फ्रिजमध्ये पिवळी पडते. इथे दिवस वाढले की खोली वाढते, जेवण वाढतं, रजा वाढते. पण तिकीट करणाऱ्यांनी एक शहाणपणा केलाय. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस वापरता येतो, सातवाला महिनाभरात. म्हणजे पाय दुखले तर एक दिवस आराम करता येतो. मी वहीत आधी ६२ लिहिले, मग खोडून ७२, मग परत ६२. त्या पानाला आता भोक पडायचं बाकी आहे.

नवऱ्यानं एकदा ते पान बघितलं. “दोघं गेलो तर खोलीचं भाडं तेवढंच, टुकटुकचं तेवढंच,” तो म्हणाला, “एकटीनं जाणं महाग आहे.” गणित बिनचूक होतं. दिवसाला पंधरा-वीस डॉलर मागणारा टुकटुकवाला माणसं मोजत नाही, फेरी मोजतो. उरलेलं अर्धं भाडं मी कशासाठी देणार, हे मला नीट माहीत होतं. पण ते त्याच्या तोंडावर बोलायचं कसं? म्हणून मी म्हणाले, “सायकल घेईन.” मुक्कामाच्या सिएम रीप गावापासून अंगकोर वाट, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं देऊळ, सहा-सात किलोमीटर, सगळा सपाट रस्ता, झाडांची सावली. तिकीटघर देवळाच्या दारात नाही, अलीकडे वेगळ्याच रस्त्यावर आहे. तिथे आधी जायचं. टुकटुक फक्त बान्ते स्रेईच्या दिवशी, कारण ते पस्तीसेक किलोमीटरवर. सायकल मी शाळेनंतर चालवलेली नाही. सध्या रोज पहाटे कॉलनीत भाच्याची सायकल घेऊन फिरते आणि कुत्री माझ्या मागे लागतात.

स्वस्तात पोचायचा रस्ता मी आधी वेगळा ठरवला होता. बँकॉकपर्यंत विमान, पुढे बसनं ‘अरण्यप्रथेत’ नावाचं थायलंडचं सरहद्दीवरचं गाव आणि पोइपेटची सीमा. नावातच अरण्य, मला केवढं बरं वाटलं होतं. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाची जुंपली, सीमा बंद झाली, जुलैत तोफा डागल्या गेल्या. भांडणाच्या मुळाशी सरहद्दीवरची जुनी देवळं आहेत, तीही शंकराची. त्यांतलं डोंगरावरचं प्रेह विहेअर हेगच्या न्यायालयानं १९६२ मध्येच कंबोडियाला दिलं होतं, तरी धुसफूस राहिली. भावकीत देवळाच्या जमिनीवरून काय काय होतं ते मला पतसंस्थेत बसून रोज ऐकू येतं, त्यामुळे फार आश्चर्य वाटलं नाही. रस्त्याच्या रकान्यावर मात्र काट मारली आणि क्वालालंपूरहून विमान बघायला लागले.

मग पैसे. तिथे स्वतःचा रिएल आहे, पण व्यवहार डॉलरमध्येही चालतो. डॉलर द्या, सुट्टे रिएलमध्ये घ्या, एका डॉलरला चार हजारांच्या आसपास. डॉलरची नोट जरा जरी फाटलेली असली तर कोणी घेत नाही. हे वाचून मी आनंदले. फाटकी नोट बाजूला काढणं हे तर माझं बावीस वर्षांचं काम! पैसे बदलून देणाऱ्यानं दिलेल्या नोटांत वीसची एक कडेला चिरलेली होती. मी ती उजेडाला धरून परत सरकवली. त्यानं माझ्याकडे बघितलं, नोटेकडे बघितलं आणि मुकाट्यानं बदलून दिली.

महिना कुठला, यावर मात्र घरात खरी चर्चा झाली. मार्चमध्ये मला रजा मागायचीही सोय नाही. एप्रिलात तिथे भाजून निघतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान, म्हणून गर्दी आणि खोल्यांचे भाव दोन्ही चढे. राहिला पावसाळ्याचा शेवट. खंदक भरलेले, दगडावर शेवाळं हिरवंगार, भाडी उतरलेली. म्हणजे गौरी-गणपती उरकले की निघायचं.

“पितृपक्षात?” सासूबाई म्हणाल्या.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रात्री शोधत बसले आणि जे सापडलं ते सकाळी त्यांना चहाबरोबर सांगितलं. तिथेही नेमका हाच पंधरवडा पाळतात. महिन्याचं नाव फोत्रबोत, म्हणजे आपला भाद्रपदच. सणाचं नाव प्चुम बेन. बेन म्हणजे पिंड. लोक पहाटे देवळात जाऊन पितरांसाठी भाताचे गोळे ठेवतात, आणि शेवटी आपल्या सर्वपित्रीसारखीच अमावास्या. सासूबाईंनी बशी खाली ठेवली. “आणि ते बौद्ध म्हणतेस ना?” हो, बौद्ध. “मग त्यांच्यात कावळा शिवतो का?” हे मला सापडलं नाही. अखेरीला तीन दिवस तिथे सार्वजनिक सुट्टी असते, सगळा देश गावी जातो, तेवढे दिवस टाळायचे असं ठरलं. अंगकोर वाटच्या वरच्या मजल्यावर, पाच शिखरांच्या पायथ्याशी, बौद्धांच्या पवित्र तिथ्यांना सोडत नाहीत. म्हणून कालनिर्णय काढून अष्टम्या, पौर्णिमा, अमावास्या यांच्यावर पेन्सिलनं गोल केले. परदेशवारीसाठी कालनिर्णय लागेल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

सासूबाईंचा पुढचा प्रश्न सरळ होता. “तिथे देव आहे, की नुसते दगड?” अंगकोर वाट बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं विष्णूसाठी बांधलं. पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांची उभी मूर्ती अजून आहे. लोक तिला ‘ता रीच’ म्हणतात, नेसवतात, उदबत्त्या लावतात. हे ऐकून त्या आत गेल्या आणि १०१ रुपये घेऊन आल्या. “माझ्या नावानं ठेव.” म्हणजे डॉलर आणि वर थोडी चिल्लर. अमेरिकन नाणी तिथे चालत नाहीत, तेव्हा रिएलमध्येच ठेवावे लागतील. हा जमेचा पहिला आकडा, वहीत वेगळ्या रकान्यात लिहिलाय.

बघायचं काय काय, याची यादी करायला सगळ्यात कमी वेळ लागला. ता प्रोम, जिथे झाडांच्या मुळांनी भिंती कवेत घेतल्यात आणि जिथल्या डागडुजीला आपलं पुरातत्त्व खातं गेलं होतं. बायोन देवळावरचे हसरे चेहरे. सूर्योदय नाही. तो बघायला सगळे अंगकोर वाटच्या पश्चिमेच्या तळ्याकाठी खांद्याला खांदा लावून मोबाइल वर धरून उभे असतात, आणि उजाडलं की नाश्त्याला निघून जातात. मी त्या वेळी देवळाला वळसा घालून पूर्वेच्या ओवरीत असेन.

कारण माझी भिंत तिथे आहे. देवळाभोवतीच्या ओवऱ्यांवर चारही बाजूंनी कोरीवकाम आहे. पश्चिमेला कुरुक्षेत्र, त्यात शरपंजरी भीष्मही. तिथेच पुढे लंकेचं युद्ध. हे सगळं वाचत जायचं ते उलट्या प्रदक्षिणेनं, अपसव्य. म्हणून अभ्यासक म्हणतात, हे राजाचं अंत्यस्थानही असावं. पूर्वेला समुद्रमंथन, सलग ४९ मीटर. मधे विष्णू, खाली कूर्म, वर अप्सरा उसळतायत. एका अंगाला ९२ असुर, दुसऱ्या अंगाला ८८ देव, सगळे वासुकी ओढतायत. आणि शेपटीच्या टोकाला चक्क एक वानर. आपल्या गोष्टीत वानर नाही. तो तिथे कसा आला, कोणी बोलावला, ओढताना तोंड कसं केलंय, हे मला जवळ जाऊन बघायचंय. पूर्वेची ओवरी, म्हणजे सकाळचा उजेड थेट भिंतीवर.

परवा नवऱ्यानं पुन्हा वही उघडली. तिकिटाचा आकडा ७२ वर थांबलाय हे त्यानं पाहिलं, काही बोलला नाही. पानं उलटत गेला.

“चौथ्या दिवशी नुसतं ‘भिंत’ लिहिलंयस.”

“हो.”

“दिवसभर?”

“जमलं तर.”

किती माणसं आहेत तिच्यावर, त्यानं विचारलं. मी सांगितलं, देव-असुर मिळून एकशे ऐंशी. त्यानं मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला. एकशे ऐंशी गुणिले अकरा, भागिले साठ.

“तेहतीस मिनिटं,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “वानर धरून तेहतीस मिनिटं अकरा सेकंद.”