तुम्ही विचारलंत म्हणून : रोज खिशात राहील असा कॅमेरा

माझ्याजवळ नेहमी एक लहान कॅमेरा असतो, हे ज्यांच्या लक्षात येते ते बहुधा एकच प्रश्न विचारतात. आम्हालाही असा रोज खिशात ठेवता येण्याजोगा कॅमेरा घ्यायचा आहे, तर कोणता घ्यावा? विचारणाऱ्याला एखाद्या मॉडेलचे नाव हवे असते आणि नावे मी पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी निवडीची कसोटी ठरायला हवी. मोठा कॅमेरा घेताना चित्राच्या दर्जापासून सुरुवात करणे योग्यच, कारण तो घेऊन माणूस मुद्दाम फोटो काढायला निघतो. खिशातला कॅमेरा बाळगणारा मात्र दुसऱ्याच कामाला निघालेला असतो. वाटेत टिपण्याजोगे काही दिसेल की नाही हे त्याला ठाऊक नसते, आणि दिसलेच तर ते दोन-चार क्षणांत नाहीसे होणारे असते. म्हणून मी दोनच गोष्टी आधी पाहतो : घराबाहेर पडताना तो कॅमेरा सहज, विचार न करता खिशात जातो का, आणि हात खिशात गेल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ लागतो. इथे जो कॅमेरा नापास होतो, त्याचे बाकीचे सारे गुण कपाटात राहतात.

खिशात जाण्याच्या बाबतीत बहुतेक जण वजन विचारतात. मी जाडी विचारतो. लांबी आणि उंची खिशात सामावून जातात, जाडी मात्र कापडाला फुगवते, बसताना मांडीला टोचते आणि आठ-पंधरा दिवसांत कॅमेऱ्याची रवानगी पिशवीत करते. पिशवीतला कॅमेरा काढायचा म्हणजे थांबणे आले, चेन उघडणे आले, आणि तोवर समोरचे दृश्य बदललेले असते. २०१२ साली आलेला सोनीचा पहिला आरएक्स १०० सुमारे ३६ मिलिमीटर जाडीचा आणि २४० ग्रॅम वजनाचा होता. २०१९ चा रिको जीआर ३ सुमारे ३३ मिलिमीटरचा आणि बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅमचा आहे. फुजीफिल्मचा एक्स १०० व्हीआय हा २०२४ चा कॅमेरा मला फार आवडतो, परंतु त्याची जाडी ५५ मिलिमीटर आणि वजन ५२१ ग्रॅम आहे. तो गळ्यात किंवा जाड कोटाच्या खिशात शोभतो, पँटच्या किंवा सदऱ्याच्या खिशात नाही. रोजच्या कपड्यांत मावण्याची मर्यादा माझ्या मते ३५ मिलिमीटरच्या आसपास येते. घेण्यापूर्वी तेवढ्या मापाचे पुठ्ठ्याचे खोके करून दिवसभर खिशात बाळगून पाहावे. हा सल्ला मी अगदी गंभीरपणे देतो आणि तो मनावर घेणाऱ्यांची निवड पुष्कळदा बदललेली मी पाहिली आहे.

हा विचार नवा नाही. ऑलिम्पस कंपनीचे अभियंते योशिहिसा माइतानी यांनी १९७९ साली एक्सए हा फिल्मचा कॅमेरा दिला तेव्हा त्याला भिंगावरचे वेगळे झाकण नव्हते आणि तो ठेवायला कातडी पेटीचीही गरज नव्हती. पुढचे गुळगुळीत आवरण अंगठ्याने बाजूला सरकवले की भिंग उघडे होई आणि कॅमेरा तयार होई. आवरण परत सरकवले की तो पुन्हा खिशात जायला मोकळा. आतमध्ये ३५ मिलिमीटर फिल्मची पूर्ण चौकट होती, एफ २.८ चे भिंग होते (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका भिंगातून अधिक प्रकाश), आणि तरीही सगळी जाडी सुमारे ४० मिलिमीटरच होती. झाकण काढणे, पट्टा सोडवणे, पेटी उघडणे अशा बारीकसारीक हालचालींतच क्षण निसटतात, हे त्या माणसाने नेमके ओळखले होते. आज एखादा नवा कॅमेरा हातात घेतला की मी अजूनही तेच पाहतो : खिशातून काढताना बोट आपोआप चालू करण्याच्या बटणावर पडते का, एका हाताने तो धरता आणि चालवता येतो का, आणि बंद करून पुन्हा चालू केल्यावर आधीची मांडणी जशीच्या तशी राहते का.

त्यानंतर सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसून प्रकाश टिपणारा भाग. येथे जाहिरातीतल्या मेगापिक्सेलच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करून मिलिमीटरमधली मापे पाहावीत. अगदी स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा असतो. ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा. जीआरमध्ये असतो तो एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटरचा. क्षेत्रफळ जितके मोठे तितका अधिक प्रकाश गोळा होतो आणि संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात चित्र तितके स्वच्छ येते. पहिल्या जातीच्या सेन्सरसाठी वेगळा कॅमेरा बाळगण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण तेवढे काम आजचा फोन सहज करतो.

मात्र सेन्सर एकटा पाहून निष्कर्ष काढू नये. त्याच्यापुढचे भिंग किती प्रकाश आत सोडते हेही त्याच हिशेबात धरावे लागते. एक इंची सेन्सरवर एफ १.८ चे भिंग असेल आणि एपीएस-सी सेन्सरवर एफ २.८ चे, तर पहिले भिंग प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे २.४ पट प्रकाश टाकते. त्यामुळे क्षेत्रफळातली तिपटीहून मोठी तफावत जवळजवळ भरून निघते आणि दोन्ही कॅमेरे अंधाऱ्या खोलीत फारसे दूर राहत नाहीत. ही गोष्ट मोठ्या सेन्सरचे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत. पण झूम पुढे नेला की हिशेब उलटतो. पहिल्या आरएक्स १०० चे भिंग झूमच्या रुंद टोकाला, म्हणजे २८ मिलिमीटरला, एफ १.८ असले तरी लांबच्या टोकाला, १०० मिलिमीटरला, ते एफ ४.९ होते (कोनाचे हे आकडे ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात सांगायची रीत आहे), म्हणजे प्रकाश सात पटींहून अधिक घटतो. कॅमेऱ्याच्या अंगावर हे दोन्ही आकडे लिहिलेले असतात. विकणारा पहिलाच वाचून दाखवतो, आपण दुसराही वाचावा.

आता झूम हवा की नको? माझे मत स्पष्ट आहे : रोजच्या खिशासाठी नको. एकाच कोनाचे भिंग काही महिने वापरले की डोळ्याला ती चौकट पाठ होते. कॅमेरा बाहेर काढण्याआधीच चित्रात काय मावेल आणि काय कापले जाईल हे कळू लागते, पाय आपोआप दोन पावले पुढे किंवा मागे जातात, आणि कॅमेरा डोळ्यांसमोर येतो तेव्हा ठरवायचे असे काही उरलेले नसते. २८ मिलिमीटरचा कोन कर्णावर सुमारे ७५ अंशांचा आहे. तो रस्ता, खोली, माणूस आणि त्याच्या भोवतालचे सगळे घेतो, पण जवळ जाण्याची तयारी लागते. ४० मिलिमीटरचा कोन सुमारे ५७ अंशांचा. तो आपण एखाद्या गोष्टीकडे लक्ष देऊन पाहतो तेव्हाच्या नजरेशी जुळतो आणि चेहऱ्यांना अधिक मानवतो. रिकोने २०२१ साली जीआर ३ एक्स याच कोनासाठी काढला. कोणता कोन आपला, हे ठरवण्यासाठी फोनमध्ये आधीपासून असलेले आपले फोटो पाहावेत. त्यांतले बहुतेक कडेने कापून नेटके केलेले असतील तर ४० घ्यावा; आणखी थोडे मागे जाता आले असते तर बरे, असे वारंवार वाटत असेल तर २८. ज्यांना रंगमंचावरचे आपले मूल किंवा झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी टिपायचा आहे, त्यांना मात्र माझा हा आग्रह लागू नाही. त्यांनी २४ ते २०० मिलिमीटरचा आरएक्स १०० चा सहावा किंवा सातवा अवतार पाहावा आणि कमी उजेडात तो एफ २.८ पासूनच सुरू होतो हे मान्य करून घ्यावा.

वेगाविषयी मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण खरा निकाल तिथे लागतो. पावसातून दारात आलेला माणूस छत्री मिटून झटकतो आणि थेंबांची एक कमान क्षणभर हवेत उभी राहते, असे समजा. कॅमेरा स्वतः फोकस शोधू लागला तर तो कधी थेंबांवर अडखळेल, कधी मागच्या भिंतीवर जाईल, आणि तेवढ्यात छत्री खाली गेलेली असेल. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे : अंतर आधीच ठरवून ठेवायचे. जीआर ३ च्या भिंगाची खरी नाभीय लांबी १८.३ मिलिमीटर आहे. ॲपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाशाचे छिद्र, एफ ८ वर ठेवून फोकस दोन मीटरवर बांधला, तर साधारण एक मीटरपासून पार चाळीस मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे रेखीव येते. या कॅमेऱ्यात त्यासाठी स्नॅप फोकसची सोय आहे. शटरचे बटण अर्धे दाबून न थांबता एकदम पूर्ण दाबले की भिंग ठरवलेल्या अंतरावर जाते आणि फोटो निघतो. मग आपल्याकडे उरते ते एवढेच, की समोरचा माणूस दोन मीटरच्या आसपास आहे का हे नजरेने जोखणे, आणि ते थोड्या सरावाने येते. उजेड कमी असेल तर एफ ८ परवडत नाही, रेखीव येणाऱ्या अंतराचा पट्टा अरुंद होतो आणि ही युक्ती तोकडी पडते. तेव्हा चांगला ऑटोफोकस असलेला कॅमेरा सरस ठरतो, हेही तितकेच खरे.

फोन असताना हे सारे कशाला, असेही विचारले जाते. अंधारात अनेक चौकटी एकत्र करून फोन जे चित्र देतो ते कित्येकदा छोट्या कॅमेऱ्याला जमत नाही, आणि त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. पण फोन हातात घेतला की आधी आलेले निरोप दिसतात, काचेवरचे बटण बोटाला जाणवत नाही, आणि चेहऱ्याच्या कातडीपासून आकाशाच्या निळ्यापर्यंत बरेच काही यंत्राने आपल्या मताने ठरवलेले असते. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे यंत्राने न सजवलेल्या मूळ नोंदीत, ते ठरवणे माझ्याकडे राहते. शिवाय जीआर आणि आरएक्स १०० या दोन्हींमध्ये भिंगातच बसवलेले पात्यांचे शटर असते आणि त्याचा आवाज जवळपास येतच नाही. वाचनालयात किंवा झोपलेल्या बाळाजवळ ही गोष्ट फार मोलाची ठरते.

उन्हात पडदा नीट दिसत नाही, ही तक्रार रास्त आहे. तिच्यावर २०१४ साली आरएक्स १०० ३ या तिसऱ्या अवतारात वर उचलला जाणारा छोटा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायचा झरोका, आला; जीआरला तो नाही, आणि ज्यांना कॅमेरा डोळ्याला लावल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी जीआर घेऊ नये. बॅटरीही लहान असते. जीआर ३ ची क्षमता प्रमाणित चाचणीनुसार सुमारे २०० फोटोंची आहे, तेव्हा दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घ्यावी.

धुळीची बाब मात्र किरकोळ समजू नये. या कॅमेऱ्यांचे भिंग चालू करताना पुढे येते आणि बंद करताना आत जाते; त्या हालचालीबरोबर हवा आत-बाहेर होते आणि खिशाच्या तळाशी साचलेली धाग्यांची लव व बारीक धूळ हळूहळू आत शिरते. भिंग काढता येत नसल्याने आतला सेन्सर घरी पुसता येत नाही, त्यासाठी कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे खोलावा लागतो. म्हणून खिसा अधूनमधून उलटा करून झटकावा, कॅमेऱ्याच्या सोबतीला नाणी-किल्ल्या ठेवू नयेत आणि जमल्यास पातळ कापडी पिशवी वापरावी. पिशवीने एखादा क्षण जातो, तेवढा मी सोसतो.

तर नावे : चालता-चालता माणसे आणि रस्ता टिपायचा असेल तर जीआर ३ किंवा ३ एक्स, एकाच कॅमेऱ्यात प्रवास, घरचे समारंभ आणि व्ह्यूफाइंडर हवा असेल तर आरएक्स १०० ३ किंवा त्यानंतरचा पाचवा, आणि व्ह्यूफाइंडरवाचून चालत असेल पण झूमच्या शेवटच्या टोकालाही एफ २.८ चा उजेड हवा असेल तर २०१९ चा कॅनन जी ७ एक्स मार्क ३. यांपैकी कोणताही वापरलेला घ्यायला हरकत नाही. घेताना तो पाच-सहा वेळा चालू-बंद करून भिंग न अडखळता, न खरखरता सरकते का ते पाहावे. मग ॲपर्चर शक्य तितके लहान करून कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस बिघडवून, एक फोटो घ्यावा आणि पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासावा. आत धूळ असेल तर ती करड्या ठिपक्यांच्या रूपाने तिथे लगेच दिसते, आणि ठिपके दिसले तर साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा किंवा दुसरा कॅमेरा पाहावा.