'लेझर गेला' म्हणण्याआधी

जुना भारी सीडी प्लेअर डिस्क फिरवतो, दोन-चारदा चाचपडतो आणि थांबतो. दुकानात नेला की निदान ठरलेलं: लेझर गेला, पार्ट मिळत नाही, भंगारात घाला. हे निदान बऱ्याचदा चुकीचं असतं. ऐंशीच्या दशकातल्या फिलिप्सच्या सीडीएम-१ या डिस्क वाचणाऱ्या मेकॅनिझमवर बांधलेल्या यंत्रांत सहसा आधी थकतात ते कंडेन्सर आणि सोल्डर. उदाहरणाला १९८७ सालचा मरांट्झ सीडी-९४ घेऊ.

यात लेन्स रुळावरून सरकत नाही. एक हात खुंटीभोवती कंसात झुलतो आणि त्याच्या टोकावर लेन्स असते. ना गिअर, ना रॅक. चुंबकाच्या क्षेत्रातलं तारेचं एक वेटोळं हाताला ढकलतं, एवढंच. डिस्कवरच्या सर्पिल वाटेच्या दोन फेऱ्यांत अंतर १.६ मायक्रॉन, आणि हात झुलत झुलत ती वाट धरून राहतो. सांगाडा डायकास्ट धातूचा, लेन्स काचेची. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकामात आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातात हा सांगाडा दिला तर तो आधी वजनाचा अंदाज घेईल, मग कडेवरून अंगठा फिरवेल. नंतरच्या प्लास्टिकच्या मेकॅनिझमकडे तो बघणारही नाही.

प्लेअर बंद करून, वायर काढून, हाताला बोटाच्या टोकाने अलगद ढकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडखळता गेला पाहिजे. अडखळला तर धूळ किंवा कुणीतरी घातलेलं तेल. इथे तेल घालायचंच नसतं. शिलाई मशीनचं तेल घातलेला हात पहिल्या पावसाळ्यात धूळ धरून चिकट होतो.

मग मीटर काढा. डीएसी, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, टीडीए १५४१ए, २८ पायांची. पाय २८ वर +५, पाय २६ वर -५ आणि पाय १५ वर -१५ व्होल्ट हवेत. यातला एक जरी ढळला असेल तर पुढचं सगळं निदान व्यर्थ. त्या काळचे युरोपी ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचे. आपल्याकडे लाइन २४० वर गेली की रेग्युलेटरच्या (व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) आधीचे २२ व्होल्ट २४ होतात. १५ व्होल्टच्या रेग्युलेटरला ७ ऐवजी ९ व्होल्ट उष्णतेत जाळावे लागतात, म्हणजे सव्वापटीहून जास्त ताप. रेग्युलेटरच्या पायाशी सोल्डरला बारीक गोल चीर दिसते ती याच रोजच्या तापण्या-निवण्याने. भिंग लावून बघा. पायाभोवती काळसर कडं दिसलं की जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढा आणि नवं ६०/४० (कथिल-शिशाचं) भरा. वरून नुसता ठिपका देऊ नका. सोल्डरिंग आयर्नची बिट ३५० अंशांच्या आसपास, एका पायावर दोन-तीन सेकंद; जास्त धरलं तर तांब्याचा पॅड सुटून येतो.

फिलिप्स सीडी १०४ या प्लेअरमध्ये या चिरेचीच थोरली बहीण भेटते. बोर्डाच्या दोन बाजू जोडायला भोकांत बारीक रिव्हेट ठोकलेले असतात आणि त्यांचा एका बाजूचा संपर्क सुटतो. प्रत्येक रिव्हेटमधून कथिल चढवलेली बारीक तार ओवून दोन्ही बाजूंनी सोल्डर करायची. काम कंटाळवाणं, पण एकही भोक सोडू नये.

सोल्डर की कंडेन्सर, हे केसांच्या ड्रायरने कळतं. थंड असताना डिस्क घेत नाही आणि ऊब दिल्यावर घेतो, तर वाळलेला इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. थंड असताना छान वाजतो आणि अर्ध्या तासाने अडखळतो, तर बहुधा सोल्डर. सर्वो बोर्डावरचे (हात आणि डिस्कची चाल सांभाळणाऱ्या बोर्डावरचे) इलेक्ट्रोलायटिक सरसकट बदला: तेवढेच मायक्रोफॅरड, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर, १०५ अंशांचे. ध्रुव उलटा बसू नये म्हणून जुना काढण्याआधी फोटो घ्या. 'ऑडिओ' असं छापलेले महागडे कंडेन्सर सर्वोत घालण्यात काही अर्थ नाही.

डीएसीभोवती मात्र हात आवरा. चिपच्या १४ पायांना १०० नॅनोफॅरडचे कंडेन्सर असतात. आत करंट अर्धा-अर्धा वाटला जातो, त्या वाटणीतली बारीक तफावत भागांची आलटून-पालटून अदलाबदल करून सरासरीने मिटवली जाते, आणि उरलेली लहर हे चौदा जण गाळतात. ते चिपला जितके खेटून तितके बरे. यातले सैल झाले तर मोठ्या आवाजात काही कळत नाही. गाण्याच्या देवल क्लबाच्या गावाला, कोल्हापूरला, मात्र कळावं. गायक थांबल्यावर तानपुऱ्याची विरत जाणारी आस ऐका, ती गुळगुळीत न संपता खरखरीत होते. शेजारची फिल्टर चिप एसएए ७२२० ही नमुन्यांच्या वेगाचं, ४४.१ किलोहर्ट्‌झचं चौपट म्हणजे १७६.४ करते, त्यामुळे पुढचा अॅनालॉग फिल्टर सौम्य ठेवता येतो. ती चिप चांगलीच तापते. ते तिचं नेहमीचंच आहे, बिघाड नव्हे.

आता लेन्स. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बंद खोलीतल्या प्लेअरच्या काचेवर धुरकट थर बसतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी नुसती ओलसर, मधून बाहेर गोल, दाब शून्य. सर्जिकल स्पिरिट नको, मागे थर राहतो. लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ अदृश्य. वाकून बघू नका, मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्याने तिरकं बघा, जांभळा ठिपका दिसला तर लेझर जिवंत आहे.

एवढं सगळं झालं आणि तरी शेवटची गाणी अडखळली, तरच लेझरच्या पॉटकडे, म्हणजे त्याचा करंट कमी-जास्त करणाऱ्या छोट्या स्क्रूकडे, वळा. त्याआधी चाचणीची डिस्क छापील सीडी आहे ना ते बघा. सीडी-आरडब्ल्यू (पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी) फार कमी प्रकाश परत पाठवते, ती या पिढीच्या प्लेअरला वाचता येत नाही. पॉटवर सुईने खूण करा, प्लेअर बंद असताना त्याचा रोध मोजून लिहून ठेवा, आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापलीकडे जाऊ नका. ठराविक मर्यादेपुढे डायोडला जरासा जास्त करंट दिला तरी प्रकाश झपाट्याने वाढतो. डिस्क लगेच वाचली जाते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि लेझर त्यानंतर खरोखरच जातो.